गालावरची सरळ रेघ

ते दोघं दवाखान्याच्या दारात दिसले की माझं डोकं फिरायचं. प्रश्न एकाला विचारावा आणि उत्तर दुसऱ्यानं द्यावं, हा काय प्रकार?

"काय होतंय?" मी रोग्याला विचारायचो.

"नाक बंद रायते जी त्याचं. तोंडानं सास घेते," दुसरा म्हणायचा.

"मी तुला विचारलं का?"

"नाई जी."

"मग गप्प बस."

तो लगेच गप्प बसायचा. मग रोगी त्याच्याकडे बघायचा आणि तोही गप्प. बाकावर बसलेले दोन धिप्पाड गडी आणि समोर मी, हातात टॉर्च घेऊन. असा निम्मा दिवस जायचा.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आलापल्लीच्या जंगलात दोन खोल्यांचा सरकारी दवाखाना, एक कंपाउंडर आणि मी. चांदा जिल्हा आधी मध्यप्रदेशात होता, मग मुंबई राज्यात गेला. त्यापायी दारावरची पाटी दोनदा रंगवून झाली, पण मी मागितलेलं ऑपरेशनचं टेबल काही आलं नाही. नागपूरहून शिकून आलेला मी तरुण, हुशार आणि चिडका होतो. हुशारीबद्दल आता खात्री वाटत नाही. चिडकेपणाबद्दल माझी बायको साक्ष देईल.

हे दोघं लाकूड चिरणारे. सागाचा ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा, एकानं ओंडक्यावर उभं राहायचं, एकानं खाली खड्ड्यात, आणि दोघांनी मिळून तो लांबलचक आरा ओढायचा. वरचा माणूस ओंडक्यावर सुतानं मारलेली रेघ सांभाळतो. खालचा नुसता ओढतो आणि भुसा खातो. त्याला रेघ दिसतच नाही, कारण भुसा पडू नये म्हणून तो डोळ्यांवर फडकं ओढून घेतो. वरच्याच्या हाताचा अंदाज घेत घेत तो दिवसभर ओढत राहतो. माझा रोगी हा खालचा. चिमूरकडचा, धानाच्या शेतीत भागेना म्हणून जंगलात आलेला. वरचा इथल्याच जंगलगावातला गोंड. नात्यानं एकमेकांचे कोणी नाहीत, पण पंधरा वर्षं एकाच आऱ्याची दोन टोकं धरलेली. लाकूडकाम्यांचा सगळा मुक्काम त्यांना 'वरचा' आणि 'खालचा' असंच म्हणायचा, मीही तेच म्हणतो.

खालच्याचं नाक बंद होतं, हे वरच्यानं मला सांगितलं. भुसा जाऊन जाऊन झालं असणार, हेही वरच्यानंच सांगितलं, आणि लाज वाटते पण मी ते ऐकलं. मिठाच्या पाण्यानं नाक धू म्हटलं आणि वाटेला लावलं. पंधरा दिवसांनी पुन्हा आले, मी थेंब दिले. महिन्यानं आले तेव्हा नाकातून रक्त येत होतं आणि खोलीत वास भरला होता. मी पेनिसिलीन टोचलं आणि स्वतःवर चिडायचं सोडून त्यांच्यावर ओरडलो की इतक्या उशिरा काऊन आलात. वरचा म्हणाला, "आमी तं येऊनच राह्यलो जी." ते खरंच होतं.

पावसाळा संपता संपता खालच्याच्या नाकाचं हाड बसायला लागलं. टाळूला आतून छिद्र पडू पाहत होतं. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, नाकाच्या मुळाशी, सूज धरली होती. असा चेहरा आमच्या भागात दिसला की निदान करायला डॉक्टर लागत नाही. मुक्कामाच्या मुकादमानं एका नजरेत केलं. रगतपिती, म्हणजे महारोग. त्याच दिवशी खालच्याची झोपडी मुक्कामापासून दूर, नाल्यापलीकडे गेली. विहिरीवर यायचं नाही, सामाईक चुलीवरचा विस्तव घ्यायचा नाही, आऱ्याला हात लावायचा नाही.

मी मुकादमाला बोलावून झापलं. खालच्याला बाकावर बसवलं, त्याचे डोळे बांधले, आणि मुकादमासमोर त्याच्या गालाला, हाताला, पायाला टाचणी आणि कापूस आळीपाळीनं लावून दाखवला. दर वेळी तो बरोबर सांगायचा, टोचलं का नुसतं लागलं. महारोग्याची कातडी असं सांगत नाही. "बघितलंस? पटलं?" मी मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "पटलं जी." आणि बाहेर पडताना दरवाज्याची कडी धोतराच्या सोग्यानं धरून उघडली. मी दौत फेकून मारणार होतो, कंपाउंडरनं उचलून ठेवली.

वरचा मात्र नाल्यापलीकडे राहायला गेला. मुकादमानं त्याला दुसरा जोडीदार देऊ केला. त्यानं नको म्हटलं. एकट्यानं आरा चालत नाही, म्हणून मग तो मोळ्या विकायला लागला. मला त्याचाही राग यायचा. एका आजारापायी दोन माणसं कामातून गेली, हा कुठला शहाणपणा?

महारोग नाही, मग काय? मला ठाऊक नव्हतं. उपदंशाची तपासणी करवली, नाही निघाला. क्षयाची शंका घेतली, छाती स्वच्छ. शेवटी नाकातला तुकडा काढून नागपूरला तपासायला पाठवला. तुकडा पाठवणं म्हणजे काय ते आजच्या डॉक्टरांना सांगून कळायचं नाही. फॉर्मेलिनची बाटली, तिच्यावर मेण, मेणावर चिंध्या, मग लाकडाच्या लॉरीच्या ड्रायव्हरची मनधरणी, वैनगंगेवर नाव, पुढे चांद्याहून रेल्वे. तीन आठवड्यांनी एका ओळीचा कागद आला. तुकड्यात फक्त मेलेलं मांस आहे, निदान शक्य नाही.

मेलेलं? माणूस माझ्यासमोर बसून विडी ओढत होता! मी दुसरा तुकडा पाठवला, सोबत दोन पानी पत्र. परत तीच ओळ. मी पुन्हा पत्र लिहिलं, त्यात तपासणाऱ्या डॉक्टरांच्या शिक्षणाबद्दल काही शब्द होते, ते इथं लिहीत नाही. त्यांचं उत्तर मात्र अगदी शांत होतं. त्यांनी लिहिलं की या रोगात वरचं मांस कुजून मरतं, खरा रोग खाली आणि कडेला जिवंत असतो. आपण बहुधा रक्ताला भिऊन वरवरचं काढत आहात. खोल जाऊन, जिथं रक्त येईल तिथलं पाठवा.

मी तो कागद चुरगाळला. मग सरळ केला. कारण त्या माणसानं शंभर कोसांवरून माझा हात बरोबर ओळखला होता. मी भीत होतो. माझ्याकडे रोग्याला चढवायला रक्त नव्हतं, टेबल नव्हतं, मदतीला एक कंपाउंडर, तोही रक्त पाहून बाहेर जाणारा.

तिसऱ्या वेळी वरच्यानं खालच्याचं डोकं धरलं. त्या हातांत डोकं एक केसभरही हललं नाही. मी कडेला खोल चिमटा घातला. रक्त भळाभळा आलं, मी बोळ्यांवर बोळे कोंबत होतो, आणि वरचा त्याच्या कानाशी हळू आवाजात काहीतरी सारखं म्हणत होता. नंतर मी विचारलं काय म्हणत होतास. "काई नाई जी. आरा वढताना म्हनतो, थेच."

या वेळी कागदावर पुष्कळ ओळी होत्या. अंगात जागोजाग लसिकेच्या गाठी असतात, त्यांच्यातल्या पेशी बेताल वाढल्या की जो कर्करोग होतो तो, लिम्फोमाच्या घराण्यातला. नाकात क्वचित होतो. तपासणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की त्यांनी स्वतः असे फार थोडे पाहिलेत. चाकूचा उपयोग नाही. पण रोग अजून एकाच जागी असेल तर क्ष-किरणांनी तो कधीकधी चांगला वितळतो. लवकर पाठवा.

मला इतका आनंद झाला की मी कंपाउंडरला मिठी मारली. कर्करोगाचं नाव वाचून आनंद होणारा मी पहिलाच असेन. पण सात महिने मी अंधारात काठी मारत होतो, आता निदान कुठं मारायची ते कळलं होतं.

त्या दोघांना नागपूरला न्यायला मी स्वतः गेलो. दवाखान्याच्या औषधांचं काम काढलं. चैत्र लागला होता. क्ष-किरणवाले डॉक्टर वयानं मोठे, सावकाश बोलणारे. त्यांनी खालच्याला पडवीत उजेडात बसवलं, बोटांनी चेहरा चाचपला आणि जांभळ्या शाईनं चेहऱ्यावर रेघ काढली. कपाळाखालून आली, नाकाच्या दोन्ही अंगांनी उतरली, आणि उजवीकडे डोळ्याच्या कोपऱ्याशी जरा फुगून, ती सूज पोटात घेऊन, मग खाली गालावर आली. रेघेच्या आतल्या भागावर किरण सोडायचे आणि बाहेरचं सगळं शिशाच्या पत्र्यानं झाकायचं. रोज थोडे, सहा आठवडे. रोज त्याच जागी.

"ही रेघ जपायला सांग," ते मला म्हणाले आणि आत गेले.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते नीट आठवतं, कारण त्यानंतर मी ते हजार वेळा आठवलंय. दोघांना भिंतीशी उभं केलं आणि बोट नाचवत म्हणालो, "तोंड धुवायचं नाही. पुसायचं नाही. ही रेघ गेली तर तू मेलास, समजलं? आणि तू," वरच्याला, "ही पुसली गेल्याचं माझ्या कानावर आलं तर तुला इथून हाकलून देईन. एवढी एक गोष्ट तरी नीट करा!"

"होय जी," दोघं म्हणाले. एकदम म्हणाले.

मी आलापल्लीला परतलो. महिन्याभरात सूज उतरत असल्याचं एक पोस्टकार्ड आलं, वॉर्डातल्या कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. मी ते मुकादमाला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं ते हातात मात्र घेतलं नाही.

पाचव्या आठवड्यात पुन्हा नागपूरला गेलो. वैशाखातलं ऊन, वॉर्डात माणसं घामानं निथळत होती. खालचा खाटेवर बसला होता. वास गेला होता, नाक मोकळं झालं होतं, बसलेलं हाड काही वर येणार नव्हतं पण रंग माणसाचा झाला होता. तो मला पाहून हसला. तोंड आतून सोलवटलं होतं म्हणून अर्धंच हसला. मला त्याचा अभिमान वाटला, आणि माझा जास्त.

मग मी रेघ पाहिली.

ती सुरेख होती. कपाळापासून गालापर्यंत तिन्ही बाजूंनी ओळंब्यात असावी अशी, कुठंही न थरथरलेली. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी तिला फुगा नव्हता. सरळ खाली आली होती. आणि तिच्या बाहेर, कोपऱ्यात, दोन बोटांची सूज होती तशीच होती.

"ही रेघ कोणी काढली?" माझा आवाज इतका चढला की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

वरचा उभा राहिला. घामानं रेघ पुसट झाली होती जी, तो म्हणाला. दुसऱ्याच आठवड्यात. तोंडातल्या फोडांना लावायला जांभळं औषध दिलेलं होतं, तोच रंग. त्यात सूत भिजवलं, याच्या तोंडावर ताणून धरलं, आणि टिचकी मारून रेघ उमटवली. सागावर मारतात तशीच. दर दोन दिवसांनी नवी. यंत्रावरच्या माणसाला ती इतकी पसंत पडली होती की रेघ अशी ठळक ठेवा म्हणून तो दुसऱ्या रोग्यांना खालच्याचा चेहरा दाखवायचा.

"आणि इथं? इथं वाकडी होती ती सरळ काऊन केलीस?"

तो गोंधळला. त्याला हा प्रश्नच कळेना. "सायेब, वाकडी रेघ कोनी मारते का? मले वाटलं डाक्टराचा हात हालला असन. तं मी सुदी केली."

पंधरा वर्षं ज्याच्या रेघेच्या भरवशावर खालच्यानं आरा ओढला, त्यानं आपल्या जोडीदाराच्या चेहऱ्यावर वाकडी रेघ कशी राहू दिली असती? पण हे मला आज सुचतं. तेव्हा मी किंचाळलो, "अरे, पुसट झाली तर सांगायचं ना! डॉक्टर तिथंच बसतात, दोन मिनिटांत काढून दिली असती! तोंड नव्हतं तुम्हाला?"

यावर खालचा पहिल्यांदाच आपणहून बोलला. इतके महिने मी ज्याच्या तोंडून उत्तर काढायला बघत होतो, तो त्या सोललेल्या तोंडानं म्हणाला, "तुमीच म्हनलं नं जी, रेघ गेली तं मेलास, अन याले हाकलून देईन. इथी याच्याबिगर मले कोन हाये? कायले सांगू आमी?"

वॉर्डात पंखा नव्हता. मी घाम पुसत बाहेर पडलो.

क्ष-किरणवाल्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. माझी बोलणी वगळून सांगितलं. त्यांनी रेघ पाहिली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हात चांगला आहे याचा." मग त्या कोपऱ्यासाठी वेगळ्या बैठका दिल्या. तीन आठवडे तो कोपरा कोरडा राहिला होता, आता डोळ्याच्या इतक्या जवळ किती द्यायचं याला मर्यादा होती. "बघू," ते म्हणाले. डॉक्टर लोक 'बघू' म्हणतात तेव्हा काय म्हणतात ते मला माहीत होतं, मी स्वतः तेच करतो.

खालचा परत आला. वर्षभर तो खड्ड्यात उतरला. मुकादमानं त्याला विहिरीवर येऊ दिलं, आऱ्याला हात लावू दिला, त्यासाठी मला तहसीलदारांचं पत्र आणावं लागलं, पण दिलं. नाक चपटं, आवाज गेंगाणा, उजव्या डोळ्यानं अंधुक. मी विचारलं, त्या डोळ्यानं काम कसं जमतं? तर वरचा, नेहमीप्रमाणे तोच, म्हणाला, "खालच्याले डोरा कायले लागते जी? थो तं बांदूनच घेते." दोघं हसले. मी चिडलो नाही. चिडायचं मी त्यांच्यापुरतं सोडलं होतं, म्हणजे प्रयत्न करत होतो.

दुसऱ्या वर्षी होळीच्या सुमारास सूज परत आली. त्याच कोपऱ्यात, दोन बोटं. तिथून डोळ्यामागे. नागपूरला नेलं. किरण पुन्हा देता येत नव्हते. शिरेतून द्यायचं एक नवं औषध आलं होतं, ते दिलं. त्यानं तो ओकून ओकून अर्धा झाला, सूज महिनाभर दबली, मग दुप्पट झाली. मी त्या डॉक्टरांना एकदाच विचारलं, तेव्हा तो कोपरा सुटला नसता तर? ते म्हणाले की या रोगाचं काही सांगता येत नाही, तरीही आला असता कदाचित. ते चांगले गृहस्थ होते.

खालचा आपल्या गावी, चिमूरकडे, गेला तो तिथंच वारला. वरचा शेवटपर्यंत त्याच्याजवळ होता.

त्यानंतर काही दिवसांनी वरचा दवाखान्यात आला. एकटाच. दारात त्याला एकटं पाहून मी आधी त्याच्या मागे बघितलं, सवयीनं. तो बाकावर एका टोकाला बसला, दुसऱ्यासाठी जागा सोडून.

"सायेब, एक इचारतो," तो म्हणाला. "माह्या रेघीनं मेला का जी थो?"

त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे होते. रेघ मारणारे हात, माझ्या चिमट्याखाली ते डोकं केसभर हलू न देणारे हात. मला खरं ठाऊक होतं, निदान जितकं कोणाला ठाऊक असू शकतं तितकं. आणि त्या रेघेमागे कोण होतं तेही ठाऊक होतं. शांतपणे, समजुतीनं काही बोललो असतो तर त्याला लगेच कळलं असतं की मी लपवतोय. माझ्या तोंडून गोड बोलणं त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

म्हणून मी टेबलावर मूठ आपटली. "अक्कल आहे का तुला?" मी ओरडलो. इतक्या जोरात की कंपाउंडर आतून धावत आला. "शाईच्या रेघेनं माणूस मरतो का कधी? रोगानं मेला तो, रोगानं! पुन्हा असलं विचारायला माझ्या दारात आलास तर बघ!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे खाली आले आणि त्यानं मोठा श्वास सोडला. "होय जी," म्हणाला, उठला, दारातून वाकून बाहेर पडला. पुढच्या आठवड्यात त्यानं मुकादमाकडून नवा जोडीदार घेतला, असं कंपाउंडरनं मला सांगितलं.

माझ्या रागावर त्याचा विश्वास होता. त्या रागानंच मी त्या दोघांची तोंडं बंद केली होती, हे मी त्याला सांगितलं नाही. आज हे लिहीपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं.